विश्लेषण : अर्ज भरला, पण पैसे मिळाले का? दिव्यांग-गरिबांसाठी काम करणाऱ्या पथकात ‘सुपरवायझर’ का महत्त्वाचा?

दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य वाढले, योजनांची यादीही लांबली. मात्र ही मदत घरापर्यंत नेणाऱ्या समाजकार्यकर्त्यांच्या कामावर नीट देखरेख नसेल, तर सर्वांत अडचणीत असलेला माणूसच मागे राहतो. ही देखरेख म्हणजे नेमके काय आणि ती कशी व्हायला हवी, याविषयी...

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. हातावर पोट असलेल्या घरासाठी ही वाढ मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. ती मोजणी आठ प्रकारांत झाली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आज २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य करतो.

निर्णय मंत्रालयात होतो, पैसे बँकेत येतात. या दोन टोकांमध्ये रुग्णालय, सेतू केंद्र, तहसील कार्यालय आणि बँक अशी अनेक दारे आहेत. घरातल्या माणसाला ती दारे दाखवण्याचे काम रुग्णालयातील, महापालिकेतील किंवा स्वयंसेवी संस्थेतील समाजकार्यकर्ते करतात. त्यांच्यामागे एक पर्यवेक्षक असतो. बोलीभाषेत ‘सुपरवायझर’, कार्यालयात ‘मॅडम’ किंवा ‘सर’. त्याच्या कामाची चर्चा सहसा होत नाही. पण पथकाचे काम कोणापर्यंत पोहोचते आणि कोणाला वगळून पुढे जाते, हे बऱ्याच अंशी त्याच्यावरच ठरते.

मुळात समाजकार्यकर्त्याची गरज का पडते?

समजा, एका वस्तीत अस्थिव्यंग असलेली ३२ वर्षांची स्त्री आई-वडिलांसोबत राहते. संजय गांधी योजनेसाठी तिला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. शिवाय राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, शिधापत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते हवे. यातला प्रत्येक कागद वेगळ्या दारातून येतो. प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात ठरावीक दिवशी जावे लागते. त्या दिवशी रिक्षाचे भाडे जाते आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. आधारवर नाव एक आणि शिधापत्रिकेवर दुसरे असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अर्ज मंजूर झाल्यावरही काम संपत नाही. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. आधारशी शेवटी जोडलेले खाते ज्या बँकेत असेल तिथे ते जातात. एखाद्याने मध्येच दुसरीकडे खाते उघडून आधार जोडले असेल, तर पैसे तिथे जमा होतात आणि जुन्या पासबुकात नोंद दिसत नाही. ‘पैसे बंद झाले’ म्हणून घर हवालदिल होते. याशिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर हप्ता थांबतो. काही दिव्यांगत्व प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. मुदत संपली की पुन्हा तपासणी.

हे सगळे शिकलेल्या माणसालाही दमवणारे आहे. ज्याला बाहेर पडता येत नाही, ऐकू येत नाही किंवा आपली अडचण शब्दांत सांगता येत नाही, त्याला ते एकट्याने जमणे कठीणच. म्हणून मधला माणूस लागतो.

पर्यवेक्षक म्हणजे नेमके कोण?

भारतात समाजकार्याचे औपचारिक शिक्षण मुंबईत सुरू झाले. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली आणि रुग्णालयातील समाजकार्याची सुरुवात झाली. आज राज्याच्या शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’, महापालिकांत ‘समाज विकास अधिकारी’, तर संस्थांत ‘प्रकल्प समन्वयक’ किंवा ‘क्षेत्र समन्वयक’ अशी पदनामे आढळतात. पदनाम कोणतेही असो, ज्याच्या हाताखाली चार-सहा जणांचे पथक आहे आणि ज्याच्याकडे त्यांच्या कामाचा जाब मागितला जातो, तो पर्यवेक्षक.

या कामात मदत घेणाऱ्यासाठी ‘सेवार्थी’ हा शब्द वापरला जातो. सरकारी कागदावर तोच माणूस ‘लाभार्थी’ असतो. लाभार्थी योजनेच्या यादीतून येतो, तर सेवार्थी स्वतःची अडचण घेऊन येतो. त्याची अडचण एखाद्या योजनेत बसेलच असे नाही. पर्यवेक्षकाला एकीकडे वरच्या कार्यालयाला लाभार्थ्यांची संख्या द्यायची असते. दुसरीकडे आपले पथक सेवार्थ्याचे ऐकते आहे की नाही, हेही पाहायचे असते.

त्याची कामे कोणती?

अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड काडुशिन यांनी १९७६ मध्ये समाजकार्यातील पर्यवेक्षणावर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. त्यांनी या कामाचे तीन भाग मानले : प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचे.

प्रशासकीय भाग सगळ्यांना माहीत असतो. कामाची वाटणी, हजेरी, फिरतीचा कार्यक्रम, मासिक अहवाल, रजा. शैक्षणिक भागात कार्यकर्त्याला काम शिकवणे येते. नवीन शासन निर्णय आला तर तो समजावून देणे, गृहभेटीत काय पाहायचे ते सांगणे, मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांतला फरक स्पष्ट करणे. तिसरा भाग कार्यकर्त्याच्या मनाचा. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकणारा माणूस कोरडा पडू नये किंवा कोलमडू नये, यासाठी त्याचे म्हणणे ऐकून घेणे.

प्रत्यक्षात पहिला भाग उरलेले दोन गिळून टाकतो. सोमवारच्या बैठकीत ‘या आठवड्यात किती अर्ज झाले?’ या प्रश्नावरच वेळ संपतो. ‘कोणती केस अडली आहे?’ आणि ‘तुला काय जड जाते आहे?’ हे प्रश्न विचारायचे राहून जातात. म्हणूनच या क्षेत्रात गटबैठकीव्यतिरिक्त प्रत्येक कार्यकर्त्यासाठी ठरावीक दिवशी, ठरावीक वेळ राखून ठेवण्याची पद्धत चांगली मानली जाते. ही वेळ झापण्यासाठी नसते आणि अहवाल गोळा करण्यासाठीही नसते. दोन-तीन केस घेऊन त्यांवर सविस्तर बोलणे, हे तिचे काम.

केवळ अर्जांची संख्या मोजली तर बिघडते काय?

इथेच खरा धोका आहे. कार्यकर्त्याला महिन्याला ठरावीक संख्येने अर्ज भरण्याचे उद्दिष्ट दिले, तर तो स्वाभाविकपणे सोपी घरे आधी गाठतो. रस्त्यालगतचे घर, कागदपत्रे जवळपास पूर्ण, घरात कोणीतरी शिकलेले. उद्दिष्ट पूर्ण होते आणि अहवालही चांगला दिसतो. मात्र वस्तीच्या टोकाला अंथरुणाला खिळलेला माणूस, ज्याच्याकडे आधारच नाही असा मानसिक आजाराचा रुग्ण किंवा घरच्या खुणांपलीकडे कोणतीही भाषा न शिकलेला कर्णबधिर तरुण ‘पुढच्या महिन्यात’ ढकलला जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा नवे उद्दिष्ट असते. यात कार्यकर्त्याचा आळस नसतो. त्याच्या कामाची मोजणीच तशी केलेली असते.

यावर उपाय म्हणजे टप्प्यांची नोंद. पहिली भेट झाली. कागद पूर्ण झाले. अर्ज दाखल झाला. मंजुरी मिळाली. पहिला हप्ता खात्यात आला. सहा महिन्यांनंतरही हप्ता चालू आहे. असे सहा रकाने एका वहीत किंवा संगणकावरच्या साध्या तक्त्यात ठेवले, तरी चित्र बदलते. अर्ज ५० आणि हप्ता सुरू झालेले १२ असे दिसले, की पर्यवेक्षकाला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : बाकीचे ३८ कुठे अडले? कधी उत्तर रुग्णालयातल्या रांगेत सापडते, कधी बँकेतल्या आधार जोडणीत, तर कधी तालुका समितीच्या न झालेल्या बैठकीत.

कामाची वाटणी कशी व्हावी?

केसची संख्या समान म्हणजे वाटणी समान, हा गैरसमज आहे. एका कार्यकर्त्याकडे ६० केस आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना फक्त हयातीच्या दाखल्याची आठवण करून द्यायची आहे. दुसऱ्याकडे ३० आहेत, पण त्यांत दहा घरांत हिंसा, व्यसन किंवा गंभीर आजार आहे. दुसऱ्याचा भार जास्त आहे.

यासाठी केसचे ढोबळ तीन गट करता येतात. पहिल्या गटात केवळ पाठपुरावा लागणाऱ्या केस. दुसऱ्यात अनेक कार्यालयांत काम असलेल्या. तिसऱ्यात जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असलेल्या. तिसऱ्या गटातील केस कोणाही एकाच्या वाट्याला एका मर्यादेपलीकडे जाऊ नयेत आणि त्या नवख्या कार्यकर्त्याला एकट्याला देऊ नयेत. दर महिन्याला गट तपासावेत, कारण आज सोपी असलेली केस उद्या कठीण होऊ शकते. सांभाळ करणारी आई वारली, की प्रौढ मतिमंद मुलाची केस एका दिवसात पहिल्या गटातून तिसऱ्या गटात जाते.

कार्यकर्ता नोकरी सोडून जातो तेव्हाही पर्यवेक्षकाची कसोटी लागते. संस्थांत माणसे वरचेवर बदलतात. जुन्याने नव्याला केस सोपवताना निदान कठीण घरांत तरी दोघांनी एकत्र भेट द्यावी. नाही तर सेवार्थ्याला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते आणि तो कंटाळून दार बंद करतो.

फाइल वाचण्याला इतके महत्त्व का?

ब्रिटनमधील एक प्रकरण यासाठी जगभरच्या समाजकार्यात अभ्यासले जाते. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी या आठ वर्षांच्या मुलीचा छळामुळे मृत्यू झाला. सांभाळ करणारी नातेवाईक आणि तिचा जोडीदार दोषी ठरले. मात्र मुलगी जिवंत असताना समाजसेवा विभाग, पोलीस आणि रुग्णालये या सर्वांचा तिच्याशी संबंध आला होता. तिला वाचवण्याच्या संधी हुकत गेल्या. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी समितीने जानेवारी २००३ मध्ये अहवाल दिला. त्यात १०८ शिफारशी होत्या. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांवर नियमित पर्यवेक्षण व्हावे आणि पर्यवेक्षकाने ठरावीक काळाने केस फाइल स्वतः वाचून, तपासून तिच्यावर सही करावी, ही त्यांतली एक.

शिफारस साधी वाटते, पण तिच्यात मोठा अनुभव आहे. तोंडी अहवालात कार्यकर्ता जे सांगतो तेच पर्यवेक्षकाला कळते. फाइल वाचली, की न सांगितलेले दिसते. तीन गृहभेटींच्या नोंदीत दिव्यांग व्यक्तीचे स्वतःचे एकही वाक्य नाही आणि सगळी माहिती भावाने दिली आहे, हे फाइलमध्येच कळते. ‘घर बंद होते’ अशी नोंद सलग चार वेळा आली असेल, तर पाचव्या वेळी पर्यवेक्षकाने स्वतः सोबत जावे.

नोंद कशी लिहायची, हेही शिकवावे लागते. ‘घरची परिस्थिती वाईट’ या नोंदीवरून काहीच कळत नाही. ‘दोन दिवसांपासून चूल पेटलेली नाही, औषध संपून आठवडा झाला’ असे लिहिले, की पुढे काय करायचे ते ठरवता येते.

निर्णय कोणाचा : घरच्यांचा की सेवार्थ्याचा?

गरीब घरात दिव्यांग व्यक्तीचे अर्थसाहाय्य अनेकदा सगळ्या कुटुंबाच्या खर्चात मिसळते. त्यात वावगे काही नसेलही. मात्र पासबुक आणि एटीएम कार्ड भावाकडे, अंगठा घेतला जातो आणि तिला रक्कमही माहीत नाही, अशी परिस्थिती असेल तर? २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तींना इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क दिला आहे. निर्णय घेण्यासाठी आधाराची गरज असेल, तर ‘मर्यादित पालकत्वा’ची तरतूद आहे. त्यात विशिष्ट निर्णयासाठी, विशिष्ट काळापुरती आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून मदत करणे अपेक्षित आहे. छळ आणि शोषणाविरुद्ध संरक्षणाची तरतूदही याच कायद्यात आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ लागू आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर पालकत्व हवे असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते.

अशा प्रसंगी तरुण कार्यकर्ता दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर घरच्यांशी भांडतो आणि पुढच्या भेटीला दार उघडत नाही. नाही तर घरच्यांना दुखवायला नको म्हणून गप्प बसतो. पर्यवेक्षकाने इथे घाई थांबवायची असते. सेवार्थ्याशी एकांतात बोलणे झाले का? गरज असेल तिथे सांकेतिक भाषेचा जाणकार नेला का? त्या स्त्रीला स्वतःला काय हवे आहे? कार्यकर्ता निघून गेल्यावर तिला त्याच घरात राहायचे आहे, याचा विचार झाला का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पुढचे पाऊल ठरवावे. जिवाला धोका असेल तर मात्र थांबता येत नाही. पोलीस आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग कायद्याने दिलेला आहे.

गोपनीयतेचा प्रश्नही याला जोडलेला आहे. व्हॉट्सॲप समूहावर सेवार्थ्याचे आधार, वैद्यकीय अहवाल आणि फोटो टाकण्याची सवय अनेक ठिकाणी सहज लागते. तीनचाकी वाटपाचा फोटो देणगीदाराला हवा असतो. ‘फोटो नको’ म्हटले तर वस्तू मिळणार नाही, असे सेवार्थ्याला वाटत असेल, तर त्याने दिलेली संमती खरी नाही. कोणता कागद कोणाला, कशासाठी आणि किती दिवस दिसेल, याचा नियम पर्यवेक्षकाने घालून द्यावा आणि तो स्वतः पाळावा.

कार्यकर्त्याची काळजी कोण घेणार?

गृहभेटीला गेलेल्या कार्यकर्तीवर दारू प्यालेला नातेवाईक धावून येतो. तीन महिने पाठपुरावा केलेला सेवार्थी हप्ता सुरू होण्याआधीच दगावतो. ‘तुम्ही लोक फक्त कागद मागता’ असे एखादी आई रागाने ऐकवते. रोज असे अनुभव घेणारा माणूस हळूहळू दोन प्रकारे बदलतो. तो चिडचिडा होतो किंवा निर्ढावतो. दोन्हींचा फटका सेवार्थ्यालाच बसतो.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. धोक्याच्या घरी दोघांनी जायचे, बाहेर पडताना आणि परतल्यावर कार्यालयाला कळवायचे, अंधार पडल्यावर एकटीने वस्तीत थांबायचे नाही, हे नियम लेखी असावेत. सेवार्थ्याचा मृत्यू किंवा हिंसेची घटना घडली, तर त्याच आठवड्यात कार्यकर्त्याशी स्वतंत्र बोलणे व्हावे. प्रवासखर्च वेळेवर मिळावा. अनेक कार्यकर्ते रिक्षाचे भाडे, झेरॉक्स आणि कधी औषधेही स्वतःच्या खिशातून देतात. ते चांगुलपणाचे लक्षण असले, तरी अशी पद्धत टिकत नाही. एका कार्यकर्त्याने दिले म्हणून दुसऱ्याकडूनही अपेक्षा होते. त्यापेक्षा संस्थेने छोटा तातडीचा निधी ठेवावा आणि त्याची नोंद ठेवावी.

पथकात स्वतः दिव्यांग असलेले सहकारी असतील, तर कामाची वाटणी करताना त्यांना विचारून सोयी कराव्यात. व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्त्याला ‘तू कार्यालयातच बस’ असे परस्पर सांगणे चुकीचे. ज्या सरकारी कार्यालयाला रॅम्प नाही तिथे तो अर्ज घेऊन पोहोचला, तर अडचण अर्जात लिहावी लागत नाही, समोरच दिसते.

अडलेली केस पुढे कशी न्यावी?

कार्यकर्त्याची ताकद त्याच्या ओळखींपुरती असते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘उद्या या’ म्हटले की तो परत येतो. पर्यवेक्षकाला पुढचे मार्ग माहीत असायला हवेत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर विभागातच प्रथम आणि द्वितीय अपील करता येते. त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणे अपेक्षित आहे. तिथे दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. उपचारांचा प्रश्न असेल, तर धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात द्याव्या लागतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे एकाच प्रकारच्या केस एकत्र पाहण्याची सवय. एका कार्यकर्त्याकडे ठसे न जुळल्याने अडलेली एक केस असते, दुसऱ्याकडे दोन, तिसऱ्याकडे तीन. प्रत्येकाला तो एकेका घराचा प्रश्न वाटतो. सहा केस एका टेबलावर आल्या, की तो व्यवस्थेचा प्रश्न असल्याचे कळते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि ई-केवायसी प्रक्रिया दिव्यांगांसाठी सुगम करण्याचे निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप करता न येणाऱ्या ॲसिडहल्लाग्रस्तांना येणाऱ्या अडचणींतून हा विषय न्यायालयात गेला होता. बँकेत वाद घालणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातात या निकालाची प्रत देणे, हेही पर्यवेक्षणच.

मग त्रुटी कुठे आहेत?

पहिली त्रुटी व्यवसायाच्या मान्यतेची. वकील किंवा परिचारिकांप्रमाणे सर्व समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी एकच वैधानिक परिषद देशात नाही. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी आहे. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायदा २०२१ च्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोसामाजिक क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. मात्र वस्तीत फिरून दाखले मिळवून देणारा, संस्थेच्या प्रकल्पावर काम करणारा कार्यकर्ता या चौकटींच्या बाहेरच राहतो.

दुसरी त्रुटी प्रशिक्षणाची. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात क्षेत्रकार्य सक्तीचे असते आणि विद्यार्थ्याला त्यासाठी मार्गदर्शक मिळतो. तो आठवड्याच्या नोंदी वाचतो, चर्चा करतो. नोकरी लागल्यावर ही शिस्त अनेक ठिकाणी संपते. पुढे चांगला कार्यकर्ता पदोन्नतीने पर्यवेक्षक होतो. पण सेवार्थ्याशी बोलणे वेगळे आणि सेवार्थ्याशी बोलणाऱ्याला घडवणे वेगळे. हे दुसरे कौशल्य त्याला कोणी शिकवलेले नसते. मग तो कठीण केस स्वतःच सोडवत बसतो किंवा निव्वळ हजेरी तपासणारा होतो.

तिसरी त्रुटी पैशाची. देणगीदार किंवा शासन प्रकल्पासाठी निधी देताना ‘प्रति लाभार्थी खर्च’ पाहतात. पर्यवेक्षकाचा वेळ त्यात ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून मोजला जातो आणि कपातीची कात्री तिथेच आधी चालते. दहा कार्यकर्ते आणि एकच पर्यवेक्षक, तोही अहवालात बुडालेला, अशी स्थिती झाली की फाइल वाचायला कोणी उरत नाही.

संस्था आणि नागरिकांनी काय पाहावे?

संस्थेला देणगी देणाऱ्याने, विश्वस्ताने किंवा लोकप्रतिनिधीने ‘किती लाभार्थी?’ एवढेच विचारू नये. किती जणांचा हप्ता प्रत्यक्ष सुरू झाला आणि सहा महिन्यांनी चालू आहे, हे विचारावे. किती केस अडल्या आणि कोणत्या टप्प्यावर, हे विचारावे. कार्यकर्त्यांना दर महिन्याला स्वतंत्र बैठक मिळते का, फाइल कोण वाचते, धोक्याच्या घरी कोण सोबत जाते, याची उत्तरे मागावीत. ज्या संस्थेकडे अडलेल्या केसची प्रामाणिक यादी आहे, तिच्यावर अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.

सेवार्थी आणि त्याच्या घरच्यांनाही काही हक्क आहेत. आपली केस कोणाकडे आहे, तो कार्यकर्ता बदलला तर नवा कोण, दिलेल्या कागदांची पोच कुठे आहे आणि कार्यकर्त्याविषयी तक्रार असेल तर कोणाशी बोलायचे, हे विचारण्यात संकोच नसावा. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत, अर्जाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते एकदा तपासून घ्यावे.

अर्थसाहाय्य एक हजार रुपयांनी वाढले, तेव्हा न मिळालेल्या प्रत्येक हप्त्याची किंमतही तेवढीच वाढली. एका घरी चार महिने हप्ता अडला तर आता दहा हजार रुपये थांबतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात ती रक्कम म्हणजे औषधे, भाडे आणि किराणा. ती कुठे थांबली आहे, हे शोधायला पथकात कोणीतरी वेळ राखून ठेवलेला असायला हवा. पर्यवेक्षकाचे पद भरताना आणि त्याच्या वेळेचा हिशेब करताना शासन आणि संस्थांनी हाच आकडा समोर ठेवावा.